उजव्या खुर्चीचा आकडा

“...पण दर वेळी तस्नीमच का, सर?”

हेरंब आठल्येने याच शब्दांत विचारलं होतं का, कोण जाणे. इतक्या वर्षांनी शब्द बदललेही असतील. जळफळाट मात्र हाच होता.

कॅप्टन रेगे नव्या वैमानिकांना उड्डाणाची गणितं शिकवत. निवृत्तीआधीच्या त्यांच्या शेवटच्या उड्डाणाला शेजारच्या, सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत हेरंबच्याच तुकडीतली तस्नीम मुकादम बसणार, हे सकाळीच कळलं होतं. तेव्हापासून हेरंबच्या पोटात दुखत होतं.

“माझं उत्तर नेहमी तुमच्याशी जुळतं. तिचं कधी जुळत नाही. तरी तुम्ही तासन्‌तास तिच्यापाशी बसता.”

“जावयासारखा रुसू नकोस. कागद घे.”

धावपट्टी लांब होती. इंजिनांना पूर्ण जोर लावायचं कारण नव्हतं. बाहेर तीस अंश असताना बावन्न आहेत असं मानायचं, तेवढ्या उष्म्यात इंजिन देईल तेवढाच जोर घ्यायचा आणि विमानाचं नाक कोणत्या वेगाला उचलायचं ते काढायचं. रीत अशी, की दोन्ही वैमानिकांनी आपापलं काढायचं आणि मग मोठ्यानं वाचायचं.

हेरंबचं उत्तर आलं एकशे एक्कावन्न नॉट.

सरांचा कागद टेबलावर उघडाच पडला होता. त्यावर एकशे छत्तीस.

हेरंब थबकला... सर कसे चुकतील? त्यानं आपला आकडा खोडला.

“वाच.”

“एकशे छत्तीस.”

“खोडलेला वाच.”

“...एकशे एक्कावन्न.”

सरांनी स्वतःच्या कागदावर बोट ठेवलं.

“मी वजन इंधनाशिवायचं धरलं होतं. टाक्या भरलेलं विमान एकशे छत्तीसला नाक उचलील, शेपटी घासील. जमीन काही सोडणार नाही.”

“मुद्दाम धरलंत?”

“आज मुद्दाम.”

हेरंबनं खोडलेल्या आकड्याभोवती गोल केला. तरी आतली आग विझेना.

“तस्नीमनं काय केलं असतं?”

“भांडली असती.”

“म्हणजे ती नेहमी बरोबर असते?”

सरांनी त्याचा कागद घेतला, घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला.

“विमानात मी एक असतोच, हेरंब. आणखी एक मी घेऊन काय करू?”

पुढे तस्नीम स्वतः कॅप्टन झाल्यावर हेरंबनं तोच प्रश्न तिला विचारला. सरांशी झालेल्या भांडणांत बहुतेक वेळा चूक तिचीच निघाली होती.