भोरड्यांचा वारा

ऐका, भाविकांनो! सुगीचे दिवस होते आणि केरोबा महाराज हिवरदरीत होते. कुणाच्या घरी? घरी नव्हेच. सुगीत घरी असते कोण! सारा गाव शिवारात, आणि महाराज धुरपदाबाईंच्या खळ्यावर, कडब्याच्या गंजीला टेकून.

धुरपदाबाई एकट्या. रान लहान. तरी ज्वारी काढताना बांधालगतची एक ओळ उभीच ठेवत. भोरड्यांसाठी. ज्यांचा थवा दिसला की गाव डबे बडवतो, त्या पाखरांसाठी! पाखरांचा वाटा पाखरांना द्यावा, असे महाराजांनी एकदा सांगितले होते. बाईंनी ते धरून ठेवले. शेजारचे व्यंकटराव आपल्या रानातल्या माळ्यावरून पाखरांवर गोफण फिरवत आणि बाईंना हसत.

मळणी झाली. आणि वारा पडला.

पान हलेना. मावळतीला ढग, काळे, चढत येणारे. वाऱ्यावाचून उफणणी कशी व्हावी? दाणा आणि भुसा एकाच राशीत. तशीच भिजली तर सगळी कुजणार. बाईंची वर्षाची भाकरी त्या राशीत होती. त्या उंच तिपाईवर पाटी धरून उभ्या. दाणे खाली पडत. भुसाही तिथेच पडे.

व्यंकटरावांची रासही पलीकडे तशीच अडकलेली. तरी ते आले, वहाणांसकट खळ्यात शिरले. खळ्यात वहाणा!

"काय धुरपदे, जेवून गेली ना तुझी पाव्हणी? बोलाव की आता उफणायला."

त्यांचे गडी हसले. बाईंचे डोळे भरले.

महाराज म्हणाले, "बरोबर सांगतात ते. बोलाव, माय."

"कशी बोलावू, महाराज?"

"जेवायला बोलावतेस तशी."

बाईंनी पाटी वर धरली. "या गं लेकींनो…"

आधी आवाज. मग सावली. मग थवा! आभाळ झाकणारा थवा, खळ्यावर गरगरणारा, खाली, आणखी खाली, आणि त्या असंख्य पंखांचा वारा! भुसा उडाला! पिवळे दाणे सरळ खाली, भुसा दूर बांधावर! पाटीमागून पाटी. आणि राशीतला एकही दाणा कुणी टिपला नाही.

पलीकडच्या खळ्यावर मात्र काडीही हलत नव्हती. व्यंकटराव तिकडे पाहत राहिले.

वरून बाईच म्हणाल्या, "महाराज, दादांची रास उघडी आहे. यांना तिकडं धाडू?"

"पाव्हणी तुझी. तू सांग."

"जा गं लेकींनो."

थवा वळला!

पोती भरली तेव्हा पहिला थेंब पडला. व्यंकटराव परत आले. खळ्याच्या कडेला वहाणा काढल्या. कमरेची गोफण सोडली, तिच्या दोरीने बाईंच्या शेवटच्या पोत्याचे तोंड बांधले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी त्यांना उठवले. आणि बांधाकडे बोट केले.

तिथे, त्या उभ्या ओळीवर, भोरड्या जेवायला बसल्या होत्या. व्यंकटराव तिकडे वळले आणि भर पावसात, मातीवर, पुन्हा डोके टेकले.