एक तोंडभर दाणे

बांबूंच्या दाट बेटाजवळ एक म्हातारं कासव राहत होतं. मुलांनो, त्या रानात एक जुनी रीत होती. कुणी प्राणी साठा मागे ठेवून मेला, की तिसऱ्या दिवशी त्याचं बीळ उघडायचं. ज्याच्याकडे काहीच नाही, अशा प्रत्येकाने त्यातून एकदाच तोंड भरून दाणे न्यायचे. उरलेलं सगळं मेलेल्याच्या मुलांचं. ही रीत नीट पाळली जाते ना, हे पाहायचं काम कासवाकडे होतं. ते आता फार थकलं होतं. पायांनी थकलं होतंच, पण दर वेळी रडत्या घराच्या दारात जाऊन उभं राहायचं, याने जास्त थकलं होतं.

त्या उन्हाळ्यात रानातला सगळ्यात मोठा साठा असलेला उंदीर मेला. वणव्यात जिचं झाडही गेलं आणि साठाही गेला, अशी एक खार आपली तीन पिल्लं घेऊन कासवाबरोबर त्याच्या बिळाशी आली. उंदराचा मुलगा दार अडवून उभा राहिला. "आजोबा, माझ्या बापाने दात झिजेपर्यंत हे वाहून आणलं. तेव्हा ही बाई फांद्यांवर उड्या मारत होती!"

"झाड असतं, तर तुझ्या दारात कशाला आले असते रे बाबा?" खार म्हणाली.

कासव हळूच म्हणालं, "बाळ, तुझं अगदीच खोटं नाही. तुझ्या बापाचे कष्ट मी पाहिलेत. पण हे दाणे बांबूचे. बांबूला फुलं आली, बी पडलं, ते काही त्याने पाडलं नव्हतं. ते साऱ्या रानाचं होतं. एक तोंडभर दे, आणि बाकीचं सुखाने खा."

"आज घरात दुःख आहे. उद्या या," उंदराचा मुलगा म्हणाला. कासवाला हट्ट धरता आला असता. पण पोराचा बाप गेलाय, असं मनात आलं आणि ते मागे फिरलं. त्याच दुपारी मुलाने सगळा साठा ओढ्याकाठी नव्या बिळात नेऊन लपवला. दुसऱ्या दिवशी खारीला जुनं बीळ झाडून पुसून रिकामं दिसलं. आठ दिवसांनी तिचं धाकटं पिल्लू भुकेने गेलं. कासव तिच्याजवळ बसून राहिलं.

इकडे उंदराच्या मुलाने जन्मात कधी दाणा साठवला नव्हता. बापाने उंचवट्यावरच्या कोरड्या मातीत बीळ का केलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ओढ्याकाठच्या ओलीने दाण्यांना मोड आले, मग ते कुजले, आणि भर पावसाळ्यात त्याच्याकडे खायला काही उरलं नाही.

श्रावणात एक म्हातारी घूस मेली. तिसऱ्या दिवशी तिच्या बिळापुढे रांग लागली. शेवटी तोच उंदराचा मुलगा, आता बरगड्या दिसणारा, येऊन उभा राहिला. "अगंबाई, शेठ!" चिमणी ओरडली, "तुम्ही आमच्या रांगेत? वाट चुकलात की काय?" सगळे हसले. उंदीर मान खाली घालून परत वळला. कासवाने रांगेतल्या खारीकडे पाहिलं. याला बोलवावं की जाऊ द्यावं, हे ठरवायचा हक्क आपला नाही, असं त्याला वाटलं.

खार उंदराकडे वळली. मग म्हणाली, "ए, थांब. भूक लागलीय ना? माझ्या मागे उभा राहा. आणि तोंड एकदाच भरायचं."

कासव दारातून बाजूला झालं. खारीने दाणे घेतले, मग उंदराने घेतले. बाहेर येताना तो तिच्यासमोर थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं.

तात्पर्य : भरल्या घरात जन्मणं ही आपली कमाई नसते आणि रिकाम्या घरात जन्मणं हा कुणाचा अपराध नसतो, म्हणून वाडवडिलांच्या ठेव्यातला थोडा वाटा सगळ्यांसाठी काढणं, यात अन्याय नाही.