आवडीनं कडा उतरला

ऐका कडजाई, तुमची कहाणी. आटपाट गड होता. तिथं एक राजा होता, त्याची राणी होती. राणीनं कडजाईचा वसा घेतला. काय वसा? आपल्यातला अर्धा घास दुसऱ्याला द्यावा, मग आपण जेवावं. पुढं राज्य वाढलं, राणी उतली, मातली, वसा टाकला.

गडावर आवडी नावाची मुलगी होती. जन्माची पांगळी. हातांवर सरपटत चाले, अंबाडीचे दोर वळी, पोट भरी. तिनंही वसा घेतला होता, तो टाकला नाही.

एके दिवशी राजा फौज घेऊन दूर गेला. मागं परचक्र आलं, गडाला वेढा पडला. गडावर बायका तेवढ्या. राणीनं त्यांना पागोटी बांधली, तटावर उभं केलं, नगारे वाजवले. शत्रू थबकला. पण मग धान्य सरलं, टाक्यांतलं पाणी आटलं. मागच्या कड्याखाली पहारा नव्हता. राणी म्हणाली, कुणीतरी उतरा, राजाला सांगा. एक गेली, खाली पाहिलं, डोळे फिरले, माघारी आली. दुसरी गेली, पाय थरथरले, माघारी आली. तिसरी गेली, पाय घसरला, बायांनी ओढून घेतली. मग आवडी म्हणाली,

"बाईसाहेब, माझा भार जन्मभर हातांवरच आहे. मला सोडा."

राणीनं स्वतः दोर धरला. आवडी उतरू लागली. तळहात सोलले, दोर रक्तानं माखला, पकड सुटली नाही. खाली पोचली, झाडीतून सरपटत निघाली. भूक लागली. पदरी एक भाकरी होती. तोच एक म्हातारी धनगरीण भेटली, संगं तट्टू होतं. आवडीनं तिला अर्धी भाकरी दिली, मग आपण खाल्ली. म्हातारीनं विचारलं, कुठं जातेस? आवडीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं तिला उचललं, तट्टावर बसवलं, लगाम हाती दिला. आवडी वळून पाहते, तो म्हातारी नाही. ती कडजाई होती.

आवडीनं राजाची छावणी गाठली. राजा फौजेनिशी परतला, शत्रू पळाला, वेढा उठला. राणीनं वसा पुन्हा घेतला. मग सगळ्यांदेखत आवडीला विचारलं, काय देऊ? सोनं देऊ, लुगडी देऊ, की देवीपाशी तुझे पाय मागू?

आवडी म्हणाली, "पाय नकोत. तट्टावर बसले, तेव्हा पहिल्यांदा माणसांशी मान वर न करता बोलले. मला घोडी द्या."

राणीनं पागेतली घोडी आणवली. चाकर पुढं झाले, त्यांना बाजूला सारलं. मग राणी ओणवी झाली, आणि तिच्या पाठीवरून आवडी खोगिरावर चढली.

जशी कडजाई आवडीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. उदंड बोलांची ही कहाणी थोड्या बोलांत सुफळ झाली, संपूर्ण झाली.