येळवशीची फेरी

"सगळं सोडलं, अप्पा. घर सोडलं, जमिनीचा वाटा अण्णाला देऊन टाकला. आता दीक्षेसाठी आणखी काय सोडू?"

निरंजन अप्पा मठाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मन्मथचा हा प्रश्न त्यांनी वर्षभर ऐकला होता, आणि उत्तर म्हणून दर वेळी त्याच्यापुढे काहीतरी सोलायला ठेवलं होतं.

"शेताची आठवण येते?"

"नाही."

"या दिवसांत ज्वारी कुठवर आली असेल?"

"विसरलो, अप्पा."

विसरण्याचीसुद्धा ऐट असते माणसाला.

तेवढ्यात मन्मथचा थोरला भाऊ वैजनाथ आला. आडवाटेनं आल्यामुळे त्याचं धोतर दवानं भिजलं होतं. पाया पडून तो अप्पांशीच बोलू लागला. धाकट्याकडे बघायचा त्याला धीर होईना.

"आज येळवस हाय, अप्पा, मार्गशीर्षाची अवस. रानात कडब्याची खोप केली, पूजा झाली. आंबील शिंपडत पिकाभवती फेरी घालायची तेवढी राहिलीय. धाकट्यानं डोक्यावर आंबिलीनं भरलेलं बिंदगं घिऊन म्होरं चालायचं, थोरल्यानं मागनं शिंपडायचं, अशी आमच्यात रीत हाय. फेरी झाल्याबिगर कुणी जेवत न्हाई. लेकरं खोळंबल्यात..."

"मी शेत सोडलंय, अण्णा," मन्मथ म्हणाला. "दुसरं कुणी बघ."

"दुसरा धाकटा कुठनं आणू?"

अप्पांनी शेंग सोलता सोलता विचारलं, "पीक कसं आहे?"

वैजनाथचा चेहरा खुलला. "लई किरपा हाय, अप्पा. श्रावणात मूग चांगला निघाला. परतीचा पाऊस पायजे तेवढाच पडला. थंडी पडली तसा हरभऱ्यानं घाटा धरला. ज्वारी पोटऱ्यात हाय. आन् वड्याकडच्या पट्टीत आवंदा करडई टाकलीय."

"करडई? ओढ्याकडं?" मन्मथ ताडकन उठला. "अरे, पाणी धरतं तिथं! मुळं कुजतील अण्णा, तिथं गहू टाकायचा..."

अप्पांचा हात थांबला. ते मन्मथकडे बघून असे काही हसले, की त्याची मान खाली गेली.

"चल वैजनाथ," अप्पा उठले. "धाकटा मिळत नसेल तर बिंदगं मी घेतो."

मन्मथही त्यांच्या मागोमाग निघाला. आणि शेतावर अप्पांनी खरोखरच ते डोक्यावर घेतलं. म्हातारे पाय ढेकळात लटपटले. मन्मथनं धावत जाऊन बिंदगं आपल्या डोक्यावर घेतलं.

फेरी सुरू झाली. मागून वैजनाथ त्यात पळी बुडवून पिकावर आंबील उडवत होता. हिंदकळलेली गार आंबील मन्मथच्या मानेवरून पाठीत उतरत होती. दोन्ही बाजूंनी ज्वारीची पानं अंगाला घासत होती. ओढ्याकडे वळताना त्याला राहवलं नाही. लहानपणी द्यायचा तशी मोठ्यानं हाळी दिली त्यानं. मागून वैजनाथनं ओ दिली, आणि पुढची पळी जरा उंचच उडवली.

याच मातीनं आपल्याला पोसलं. जाताना आपण तिला साधे हातही जोडले नाहीत... मन्मथला लाज वाटली. पण लाजेहून आनंदच मोठा होता. तो बांधावर थांबला, डोक्यावरचं बिंदगं एका हातानं सावरत खाली वाकला आणि दुसऱ्या हातानं माती कपाळाला लावली.

फेरी संपली. खोपीपुढे पंगत बसली. लेकरं ओल्या दाण्यांच्या आणि पालेभाज्यांच्या भज्जीवर तुटून पडली. अप्पाही त्यांच्यात मांडी घालून जेवत होते.

वैजनाथनं भावाच्या हातात ताट दिलं आणि आंबिलीची पळी भरून उभा राहिला. मन्मथनं ताट छातीशी धरलं.

"अप्पा... हे सगळं मी देऊन टाकलंय. आता त्यातलंच परत कसं घेऊ? मग माझं सोडणं वायाच गेलं की."

अप्पांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"देणं जमलं तुला," ते म्हणाले. "आता ताट पुढे कर."