सगुणाबाईची मूठ

फार वर्षांपूर्वी हिवरडोह नावाच्या गावात ज्वारी हाताने फेकून पेरत. पेरणीचा मान सगुणाबाईकडे होता. तिने मूठ उघडली की दाणे चाळणीतून गळावेत तसे सारखे पडायचे, असं म्हणतात. पेरणीच्या दिवशी खुद्द पाटील तिला वाट द्यायचा आणि बाईंना ते आवडायचं. का आवडू नये?

धान्य वाढवायचा एकच मार्ग त्या गावाला ठाऊक होता. खाणारी तोंडं वाढली की माळ फोडायचा. असं करता करता नांगर डोंगराला जाऊन टेकले. पुढे जमीनच उरली नाही आणि तोंडं तर वाढतच होती. ज्वारी पुरेनाशी झाली.

एका वर्षी सगुणाबाईने पाहिलं, की गाडीच्या चाकोरीत दबून मातीखाली गेलेलं बी तेवढं हिरवंगार उभं आहे. आजूबाजूला वरवर पडलेलं कोरड्या मातीत करपलं होतं. ती तडक गणोजी सुताराकडे गेली. बाभळीचं लाकूड आणि पोकळ वेळू जोडून दोघांनी तिफण उभी केली. तिचे तीन फण जमीन चिरत जायचे आणि वरून सोडलेलं बी वेळूंच्या नळ्यांतून थेट ओलीत उतरायचं.

गाव पोट धरून हसलं. पाटील म्हणाला, "पीक वाढतं ते जमिनीनं, न्हाईतर पावसानं. लाकडानं कुठं वाढतंय व्हय?"

"मग एकच रान घ्या," सगुणाबाई म्हणाली. "तोच पाऊस, तेच बी, तीच बैलं. अर्धं तिफणीनं पेरा, अर्धं मी पेरते."

गणोजीने तिला बाजूला घेतलं. "बाई, तिफण सरस ठरली तर तुमच्या मुठीला कोण विचारंल?"

"कुणी न्हाई. पर हात आखडून पेरलं, तर माझं मलाच तोंड दाखवता यायचं न्हाई."

त्या दिवशी तिने जन्मात पेरलं नव्हतं असं पेरलं. वारा पडला. दाणे हवेत थबकले आणि वीत-वीत अंतरावर अलगद उतरले. पाखरं बांधावर बसून राहिली, एकानेही दाणा टिपला नाही, असं म्हणतात.

तरीही सुगीला तिफणीच्या अर्ध्या रानात दुप्पट ज्वारी निघाली. खळ्यातल्या दोन राशींकडे सगुणाबाई बराच वेळ बघत राहिली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पुढल्या वर्षी पेरणीला तिला कुणी बोलावलं नाही. गाव मात्र वर्षभर पोटभर जेवलं.

हिवरडोहात आता ट्रॅक्टरने पेरतात. रान संपत आलं की चालवणारा खाली उतरतो, मूठभर ज्वारी घेतो आणि "सगुणाबाई, पेरा!" म्हणत फेकतो. ते बी उघडंच पडतं, पाखरं खाऊन जातात, हे त्यालाही ठाऊक असतं. पण ती मूठ पडल्याशिवाय पेरणी झाली, असं तिथे कुणी म्हणत नाही.