उसवायचं घरटं

फार पूर्वी, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर रोज सकाळी आवाज घुमायचा, "कणीस आणा, घरटं बघा!" आवाज कावळ्याचा. सुगरण पक्ष्यांचं एक पडलेलं सुबक घरटं त्याने पटकावलं होतं. विणकाम शिकणारी पाखरं कणीस देऊन ते लांबून बघत. ज्यांना कणीस मिळत नसे, ती त्या साली बेघर राहत.

म्हाताऱ्या दाजीबा सुगरण पक्ष्याला हे बघवेना. "नुसतं बघून गाठ कळते होय? उसवून पुन्हा विणावी लागते. मी शिकण्यासाठी घरटी टांगतो. कुणीही यावं, उसवावं, बदलावं. पण दिवसभर विणत बसलो तर दाणे कधी टिपू?"

"मग आम्ही कशाला आहोत, आजोबा?" भिंगरू नावाचं पाखरू म्हणालं. "कावळ्याला देतो ती कणसं सगळे मिळून तुमच्या फांदीवर ठेवू."

कावळा खो खो हसला. "साऱ्या गावाच्या चोची लागलेलं घरटं! पहिल्याच वाऱ्यात विहिरीत पडेल."

दाजीबाने घरटी टांगली आणि पाखरं ती रोज उसवून पुन्हा विणू लागली. पुढे एकदा जोराचा वारा सुटला. घरटी नुसती झुलली, कारण एकाची सैल गाठ दुसऱ्याने ओढून घट्ट केली होती. पाखरांनी चिवचिवाट करून बाभूळ डोक्यावर घेतली. कावळ्याचं स्वतःचं काटक्यांचं घर मात्र विस्कटलं.

दुसऱ्या दिवशी कावळा दाजीबाच्या घरट्यांपाशी आला. त्याने एक गाठ उसवली आणि पुन्हा बांधू लागला.

"अस्सं! आता टोक खालून घे, बाळा," दाजीबा मायेने म्हणाला.

गाठ बसली. कावळ्याने दाजीबाच्या फांदीवर एक कणीस ठेवलं आणि तो निघून गेला.