परतीची तार

एका बाजारगावात सोपान तांबट नावाचा एक कारागीर ॲम्प्लिफायर बनवायचा. हाताला कसब होतं, पण मन कोतं. समोरच याकूबचं तसंच दुकान होतं. तिथे गिऱ्हाईक चढलं की सोपानच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याला ओवा काही लागू पडत नसे.

त्यात भर दत्तोबा सारंगियांची. त्यांच्या सारंगीला एक लहानशी चकती चिकटवलेली असे. तारांची थरथर झेलून ती विजेची क्षीण लहर पुढे पाठवी. सोपानच्या यंत्रात ती लहर मरतुकडी व्हायची, याकूबच्या यंत्रात जिवंत वाजायची. म्हणून जत्रेतल्या मैफलीचं काम दर वर्षी याकूबलाच मिळे.

यंदा मात्र लेकीच्या बाळंतपणासाठी याकूब परगावी निघाला आणि मैफलीचं काम सोपानकडे आलं. जाताना त्यानं सोपानला बोलावून आपलं यंत्र उघडून दाखवलं.

"सोपानभाऊ, जसंच्या तसं बनवा. ही परतीची तार तेवढी सोडू नका. ऑप-ॲम्पमधून, म्हणजे लहर मोठी करणाऱ्या या चिपमधून, जे बाहेर पडतं, त्यातला हिस्सा ही मागे आणते आणि आत येणाऱ्या लहरीच्या विरोधात उभा करते. दोघांत फरक उरतो नावापुरता. मग यंत्र त्या बिचाऱ्या चकतीकडून ओढणार किती? जवळजवळ काहीच नाही."

"पण त्यानं आवाज घटतो ना?"

"घटू द्या की. तो पुढं वाढवता येतो."

सोपान मनात म्हणाला, 'झालं! याला माझा आवाज दाबायचाय. स्वतःच्याच मिळकतीनं स्वतःला विरोध करायचा, हे कुठलं शहाणपण?' त्यानं यंत्र हुबेहूब बनवलं आणि ती तार तेवढी गाळली.

मैफल सुरू झाली. दत्तोबांनी गज फिरवला. खर्जाचे सूर वाटेतच गळाले. उरले ते फाटके आणि कर्कश. लोक कानांवर हात ठेवून उठू लागले.

"चकतीच अशक्त आहे, बुवा," सोपान म्हणाला.

"हीच चकती याकूबकडं बरी वाजती," दत्तोबा म्हणाले. "तुझं यंत्र माझी सारंगी पितंय रे."

पुन्हा याकूब! सोपानचा जळफळाट झाला. यंत्र गुंडाळून घरी जावं, पण त्या माणसाचं ऐकू नये, असं त्याला वाटलं. पण दत्तोबा गज मांडीवर ठेवून बसले होते. म्हाताऱ्याचा तो पडलेला चेहरा त्याला बघवेना. त्यानं यंत्र उघडून तार जोडली.

या खेपेला खर्ज घुमला. उठलेले लोक परत बसले. "वा, सोपान, वा!" चहूकडून शाबासकी आली, आणि ती त्याला बोचली. ती कुणाची आहे हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. मैफल संपताच तो माइकपाशी गेला.

"शाबासकी याकूबला द्या," तो म्हणाला. "त्यानं खरं तेच सांगितलं होतं. मीच जळत होतो."

तात्पर्य: जो स्वतःला विरोध करून घेतो, त्याचा भार दुबळ्यावर पडत नाही, मत्सरी माणसाला मात्र हिताचा सल्लाही डाव वाटतो.